देऱ्यातले हजार करकोचे

बाबांची नोकरी वाचवायची, हा निर्णय मी २००९च्या फेब्रुवारीत घेतला. बाबांना विचारायचं राहून गेलं.

मी नुकतीच जपानहून शांतता या विषयात एम.ए. करून दुबईला घरी परतले होते. (हो, त्यात एम.ए. करता येतं. आईचा अजून विश्वास नाही.) बाबा दुबईच्याच देरा भागात, इमारतींचे नकाशे करणाऱ्या एका कन्सल्टन्सीत ड्राफ्ट्समन. मंदी आली आणि ऑफिसातल्या अकरांपैकी सहा जण घरी गेले. सातवा नंबर आपला, असं बाबाच सांगत. त्यांची नोकरी गेली की व्हिसा खलास आणि आम्ही तिघंही महिन्याभरात पुण्याला.

म्हणून मी सोळा दिवस बसून कागदाचे हजार करकोचे केले, माळेत ओवले आणि बाबांच्या हातात दिले. "आठवडाभर टेबलाशी लावा, मग ज्याला गरज आहे त्याच्याकडे सोपवा. जपानी लोक नशिबासाठी करतात."

दुपारी फोन केला. "माळ लावलीत?"

"शेजारच्या टेबलावरच्या सुजीतला दिली."

"इतक्यात?"

"त्यानं मोहिद्दीनला दिली. मोहिद्दीननं अरुणच्या खुर्चीवर ठेवली. ठेव आता फोन, मुग्धा."

अर्ध्या दिवसात चौघं. संकटात माणसं एकमेकांसाठी किती धावतात, या विचारानं मी (सांगायला लाज वाटते) रडले.

दुसऱ्या दिवशी बाबांचाच फोन. "माळ साहेबांना सापडली. तू ये इथे. यल्ला, लगेच."

हनीफसाहेब मूळचे रत्नागिरीचे. त्यांच्या टेबलावर माळ होती, शेजारी कॅल्क्युलेटर.

"हे बगळे तू केलेस, बेटा?"

"करकोचे. हो, सर."

"एकाला किती वेळ?"

"चार मिनिटं."

"म्हणजे चार हजार मिनिटं. आठ दिवसांची ड्यूटी. मला वाटलं, माझ्या ऑफिसात आठ दिवस रिकामा कोण बसलाय? विचारलं, तर तिघंही तुझ्या बाबांकडे, प्रकाशरावांकडे बोट दाखवतात."

माळ एवढी का धावली, ते मला तेव्हा कळलं. मी काचेतून बाबांकडे पाहिलं. ते फाइल उलटी धरून मन लावून वाचत होते.

मग मी शांततेवर दहा मिनिटं बोलले. तेवढ्या वेळात साहेबांनी एक करकोचा उलगडला आणि घडीवरून नख फिरवलं.

"घडी सरळ आहे तुझी. आत चल."

आत म्युनिसिपालिटीत द्यायच्या ड्रॉइंग्जचे ढीग होते. टेबलाएवढा एकेक कागद, फाइलच्या मापाला घडी घालायचा. ते काम करणारा मागच्याच आठवड्यात घरी गेला होता.

"परवा सबमिशन आहे. तू घड्या घाल. प्रकाशरावांचं मग बघू, इन्शाल्ला."

संध्याकाळपर्यंत मी जीव ओतून घड्या घातल्या. साहेबांनी एक उचलली, उलटसुलट पाहिली. प्लॉट नंबर आणि बिल्डिंगचं नाव वर दिसायला हवं असतं. मी ते आत घातलं होतं. (करकोच्याला प्लॉट नंबर नसतो.)

"सगळ्या अशाच?"

"तीनशे अठरा."

साहेब दारात जाऊन म्हणाले, "प्रकाशराव, उद्या जरा लवकर या."

त्याला आता दीड वर्ष झालं. बाबांची नोकरी शाबूत आहे. मुग्धा घड्या घालतेय तोवर त्या उलगडून पुन्हा घालायला माणूस लागणारच, असं हनीफसाहेब म्हणतात.