ग्राऊहोर्नची मधली वाट

"वाट तू निवडायचीस," किलियान इम्बोडेन म्हणाले आणि बटाट्यावर वितळलेलं चीज ओतून शांतपणे जेवायला लागले.

लिनसने हातातला काटा खाली ठेवला. तो आराऊ शहरातला, म्हणजे सपाटीवरचा, धंद्याने दंतवैद्य. किलियान त्याच्या सेलीनाचे वडील. उभा जन्म लोकांना दोराला बांधून शिखरांवर नेणारे वाटाडे. इम्बोडेनांच्या घरात मुलगी मागायला आलेल्याने सासऱ्याला घेऊन ग्राऊहोर्न हा डोंगर चढायचा आणि कोणत्या वाटेने ते स्वतः ठरवायचं, ही जुनी रीत होती. वाटेवरून माणूस कळतो म्हणे. मागच्या एका उमेदवाराने केबल कारची चौकशी केली होती. त्याचं नाव पुन्हा त्या घरात कुणी काढलं नाही.

"फार सोपी निवडलीस तर बाबा म्हणतील लेचापेचा," सेलीनाने अंगणात त्याला बजावलं. "फार अवघड निवडलीस तर म्हणतील, माझ्या पोरीला विधवा करायला निघालाय. मधली निवड."

मार्गदर्शक पुस्तकात तीन वाटा होत्या. हिमनदीवरची सोपी, उत्तरेची जीवघेणी आणि पश्चिमेच्या अरुंद डोंगरधारेवरची "बऱ्यापैकी अवघड". आता बऱ्यापैकी म्हणजे किती? सेलीना कामावर गेली होती, म्हणून लिनसने बेकरीवाल्या थेओडुलला विचारलं.

"पश्चिमेची धार?" थेओडुल पाव कागदात गुंडाळत म्हणाला. "होईल की! त्यात काय आहे?"

लिनस हरखला. त्याने तिथेच जाहीर केलं, "मग ठरलं, धारच!"

संध्याकाळी हे ऐकून सेलीनाने कपाळाला हात लावला. "अरे देवा! या खोऱ्यात कुणी डोंगराला अवघड म्हणतं का? थेओडुलचा भाऊ त्याच धारेवरून घसरला, दोन्ही पाय मोडले, आणि शुद्धीवर आल्यावर म्हणाला, 'उतरताना जरा घाई झाली!'"

"मग बदलतो ना!"

"आता? गावभर झालंय सगळं. पाद्रीबाबांनी आईचं अभिनंदनसुद्धा केलं."

खरंच झालं होतं. दुसऱ्या दिवशी रस्त्यात अनोळखी म्हातारे लिनसचा हात हातात घेऊन दाबत होते. किलियान बर्फावर चालायचे बुटांचे लोखंडी काटे घासायला बसले आणि घासतच राहिले. सेलीनाच्या आईने तर कौतुकाने वाळवलेलं मांस आणि राईचा पाव एवढा बांधून दिला, की परतायचं नाव काढायची सोय उरली नाही.

चढाईच्या आदल्या संध्याकाळी दोघं शिखराखालच्या मुक्कामघरात पोचले. राज्य होतं आग्नेसबाईंचं. तिथे जेवायला बसायचं ते उद्याच्या वाटेप्रमाणे, कारण धारवाल्यांना आधी उठवायचं आणि हिमनदीवाल्यांना नंतर. हिमनदीच्या टेबलावर हसणं-खिदळणं चाललं होतं. धारेच्या टेबलावर दोन दाढीवाले ऑस्ट्रियन सूपकडे बघत बसले होते. लिनस आणि किलियान त्यांच्यासमोर बसले. खिडकीतून समोर धार दिसत होती, नको तितकी स्पष्ट.

"धारवाले चौघं, पक्के ना?" आग्नेसबाईंनी विचारलं. "तुमचं पाणी मला आधी उकळायला ठेवावं लागतं."

किलियान टेबलाखाली गुडघा चोळत होते. लिनसला सेलीनाचा चेहरा आठवला. ही पोरगी हातची जाणार, हे त्याला कळत होतं. पण दोराच्या दुसऱ्या टोकाला तिचाच बाप बांधलेला असणार होता.

तो उठून उभा राहिला. "मी नाही पक्का. मला भीती वाटते. काका, मला ती धार झेपायची नाही. मी विचारलं चुकीच्या माणसाला आणि मग लाजेपायी गप्प बसलो. तुम्हाला जे म्हणायचं ते म्हणा, पण मी तुम्हाला तिथे नेणार नाही."

किलियाननी आपली थाळी उचलली, जाड्या मिशीवरून हात फिरवला आणि हिमनदीच्या टेबलावर जाऊन बसले.

"तिकडे आणखी दोघांची जागा आहे का हो?" ऑस्ट्रियनांपैकी एकाने हळूच विचारलं.

दुसऱ्या दिवशी लख्ख उन्हात, हिमनदीच्या साध्यासोप्या वाटेने, सासरा-जावई ग्राऊहोर्नच्या माथ्यावर पोचले. खाली ढगांची दुलई आणि वर निव्वळ निळं आभाळ. किलियाननी माथ्यावरच्या रीतीप्रमाणे त्याचा हात हातात घेतला, पण सोडला मात्र नाही.

"धारेवर लोकांना नेऊन नेऊन गुडघा गेलाय माझा," ते म्हणाले. "दोन वर्षं झाली. घरात सांगितलं नाही. तू धार म्हणालास तेव्हापासून धड झोप नाही मला!"

"मग नाही म्हणायचंत ना, काका!"

"मी? इम्बोडेन? नाही म्हणू?" किलियान खरोखर दुखावले. मग घसा खाकरून म्हणाले, "पोरगी दिली तुला. पण एक अट आहे. दरवर्षी मला शिखरावर न्यायचं आणि वाट तूच निवडायची, सगळ्यात सोपी."

"कबूल! पण दरवर्षी सोपीच का?"

"म्हणजे गावात मला छातीठोक सांगता येईल," किलियान बॅगेतला पाव काढून त्याच्यापुढे करत म्हणाले, "की माझी फार इच्छा होती हो, पण काय करणार, जावयाला झेपत नाही!"