हलकं उतरा, बाबा!

“अहो ताई, त्यात काय अवघड आहे? नुसतं बघायचंच ना? डोळ्यांचाच धंदा आहे माझा!” बाबांनी फोनवर मुलींच्या कोचताईंना छातीठोकपणे सांगितलं आणि चष्म्याचं दुकान लवकर बंद करून घर गाठलं.

झालं होतं असं, की दुसऱ्या दिवशी लेकीच्या टीमची फुटबॉलची मॅच. सरावाचं मैदान दुरुस्तीसाठी बंद, कोचताई परगावी. आणि कोचताईंचा नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ! गेल्या मोसमात दोन मुलींचे गुडघे कामातून गेले, तेव्हापासून जी पायांचे व्यायाम चुकवेल ती बाकावर बसेल. मग कोणाच्या तरी घरी, मोठ्या माणसाच्या नजरेखाली व्यायाम करायचे ठरले. बाबांनी घर दिलं, नजर दिली आणि कोणी मागितलेलं नसताना मार्गदर्शनही द्यायचं ठरवलं. त्यासाठी खास नवे बूटसुद्धा आणले!

सोफा भिंतीला लागला. सहा मुली अनवाणी रांगेत उभ्या राहिल्या. आधी एका पायावर तोल. मग बैठका. मग उड्या. मुली वर जायच्या आणि गुडघे वाकवून अशा उतरायच्या, की मांजरानं लाजावं. आवाज म्हणून नाही!

बाबांना ते काही पटेना. “हे काय? जेवला नाहीत का कोणी? उडीत जरा जोर पाहिजे!”

“बाबा, हलकंच उतरायचं असतं,” लेक म्हणाली. “आपटलं की सगळा भार गुडघ्यावर येतो.”

“तू मला शिकवू नकोस. बघा सगळ्या!”

धडाम! कपाटातल्या कपबश्या थरथरल्या. स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, “अहो, कपाट पडलं का?”

“नाही, मी आहे!”

“मग ठीक आहे. कपाट महाग आहे!”

मुली फिदीफिदी हसल्या. झालं, बाबांना चेव आला. “आता एका पायावर!” म्हणत त्यांनी अशी काही झेप घेतली, की पहिल्यापेक्षा दुप्पट धडाम! बूट एकीकडे वळला, घोटा दुसरीकडे. डोळ्यांपुढे काजवे चमकले. पण जणू तसंच ठरलं होतं अशा थाटात त्यांनी सोफ्यावर बूड टेकलं.

तेवढ्यात बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरचे दाताचे डॉक्टर! तोंडाला मास्क, हातात चिमटा!

“वर उड्या कोण मारतंय?”

बाबांची पाचावर धारण बसली. “मुली हो, डॉक्टर! किती सांगितलं, हळू, हळू. ऐकतील तर शपथ!”

लेकीनं बाबांकडे नुसतं पाहिलं. मग मैत्रिणींकडे वळून म्हणाली, “चला गं, डॉक्टरांना दाखवू.” सहाजणी एकदम उडाल्या, एकदम उतरल्या. पंख्याचा आवाज तेवढा ऐकू आला.

“छे! ही नव्हे ती उडी,” डॉक्टर म्हणाले.

लेक अजून बाबांकडेच बघत होती. घोट्यापेक्षा ते जास्त झोंबलं. बाबांनी मान खाली घातली. “मीच होतो हो. मुली बिचाऱ्या कधीपासून सांगत होत्या, हलकं उतरा म्हणून. माझंच चुकलं.”

डॉक्टरांनी मास्क खाली ओढला आणि बाबांचा हात घट्ट धरला. “अहो, उपकार झाले! अर्धा तास एक दाढ हलेना. तुमचा दुसरा धडाका झाला, पेशंट दचकून मागे सरकला आणि दाढ माझ्या चिमट्यात! आता दुसरे गृहस्थ खुर्चीत बसलेत. त्यांची तर अक्कलदाढ आहे! तेवढी एक उडी...”

“अवश्य!” म्हणून बाबा ऐटीत उठले आणि “आई गं!” म्हणून तिथेच बसले.

मुलींची धावपळ उडाली. एकीनं बर्फ आणला, एकीनं उशी. लेकीनं बाबांचा पाय अलगद उचलून उशीवर ठेवला. डॉक्टर खाली वाकले, डोळे बारीक करून त्यांनी सगळीकडून निरखलं आणि गंभीर आवाजात म्हणाले, “सूज फार आहे. काढावा लागेल.”

बाबा पांढरेफटक पडले. “पाय?”

“बूट हो!”

दुसऱ्या दिवशी मुली एका गोलनं हरल्या, पण सगळ्याजणी टुणटुणीत पायांनी मैदानातून बाहेर आल्या. बाबांना तेवढं दोघींनी धरून आणलं. आणि तेही कुठून? प्रेक्षकांतून!