धुळवाडीचं हिमक्षेत्र

निरवांगीच्या पुढं, उघड्या माळावर, सत्तर उंबऱ्यांची धुळवाडी आहे. सत्त्याण्णव सालच्या एप्रिलात, कुत्रंही सावली सोडत नव्हतं अशा दुपारी, तिथल्या ग्रामपंचायतीत वरून एक परिपत्रक आलं. पृथ्वीच्या दोन्ही टोकांना उष्मा वाढल्यामुळे तेथील जलचक्र बदलले असून बर्फ वितळत आहे, वाफ वाढली आहे व बर्फाऐवजी पाऊस पडू लागला आहे. तरी आपल्या गावातील परिस्थिती सोबतच्या नमुन्यात आठ दिवसांत कळवावी. खाली ध्रुवीय जलचक्र कक्षाच्या प्रमुखांची सही होती. हा कक्ष कोणत्या मजल्यावर आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं, पण शिक्का गोल आणि ठसठशीत होता.

ग्रामसेवक हिंदुरावांची बावीस वर्षं नोकरी झालेली. त्यांनी बर्फाच्या रकान्यात ‘निरंक’ लिहून कागद मोकळा केला. आठवडाभरात तो लाल शाईत न्हाऊन परत आला. ‘निरंक चालणार नाही. प्रत्यक्ष पाहणी न करता नमुना भरल्याचे दिसते. खुलासा करावा.’

हिंदुरावांचं एक तत्त्व होतं. खोटं लिहायला त्यांची ना नव्हती, पण त्याला काहीतरी आधार लागायचा. ते पाहणीला निघाले आणि चिंचेखाली बिरूची गोळ्याची गाडी दिसताच थबकले. बिरू रोज सकाळी दुधाच्या टेम्पोतून बारामतीहून बर्फाची एक लादी आणायचा, भुशात आणि गोणपाटात गुंडाळून ठेवायचा आणि किसून पोरांना गोळे विकायचा. दिवस मावळेतो उरलेल्या लादीचं पाणी व्हायचं. हिंदुरावांनी तिथंच उभ्या उभ्या नमुना भरला. बर्फ आहे काय? होय. वितळण्याचे प्रमाण? शंभर टक्के. बर्फाऐवजी पाऊस पडतो काय? होय, पडतो तेवढा सगळा बर्फाऐवजीच. एकही शब्द खोटा नव्हता. त्या रात्री त्यांना शांत झोप लागली.

वर आनंदीआनंद झाला. शंभर टक्के तर प्रत्यक्ष ध्रुवालाही जमलं नव्हतं. अभिनंदनाचं पत्र आलं. त्याच पाकिटात आणखी एक कागद होता. ‘सदर गावात बर्फ वितळून मुबलक पाणी उपलब्ध होत असल्याने पिण्याच्या पाण्याचा टँकर तात्काळ बंद करण्यात येत आहे.’

दिवसाआड येणाऱ्या त्या टँकरवर अख्खी वाडी तगून होती. आता बाया कोसभरावरच्या विहिरीवर जाऊ लागल्या. हिंदुरावांची बायको भामाबाईही त्यांच्यातच होती, त्यामुळे घरात जेवणाचं ताट वाढलं जायचं पण बोलणं बंद होतं. चौथ्या दिवशी सत्तरीच्या सरुबाईनं चाळीस रिकामे हंडे पंचायतीच्या दारात मांडले. हिंदुरावांनी तिला परिपत्रक पहिल्यापासून वाचून दाखवलं. तिनं पदरानं घाम पुसत सगळं नीट ऐकून घेतलं.

“तितं येवढं पाणी सुटलंय म्हंता,” ती म्हणाली, “मग त्येचा टँकर कुणी अडवलाय, भाऊसाहेब?”

याला नमुन्यात रकाना नव्हता.

हिंदुरावांनी घाईघाईनं वर कळवलं की गावात खरं तर बर्फ नाही. उलट टपाली जाब आला. आधीची माहिती खोटी असेल तर आपणास निलंबित का करू नये? आणि खरी असेल तर टँकर कशाला हवा? निर्णय समिती जागेवर येऊन घेईल.

मेच्या भर उन्हात जीप आली. तिघेजण उतरले आणि हिमक्षेत्र दाखवा म्हणाले. नोकरी वाचवायची तर बर्फ दाखवणं भाग होतं. हिंदुरावांनी त्यांना चिंचेखाली नेलं. बिरूनं गोणपाट बाजूला सारलं. समितीनं टेप लावून लादी मोजली, वहीत लिहून घेतली, खात्रीसाठी पुन्हा मोजली, तर चार बोटं कमी भरली. इतका चटपटीत पुरावा त्यांना आजवर मिळाला नव्हता. मग अध्यक्षांनी पाणी मागितलं. पाण्याचीच तर तक्रार आहे, असं हिंदुरावांनी अदबीनं सांगितलं. तेव्हा एक गोळा झाला गुलाबाचा. मग दुसरा काला खट्टाचा. मग दोन्ही तपासून झाल्यावर तुलनेसाठी मिश्र. अध्यक्षांनी एकट्यांनी पाच तपासले. तासाभरानं चिंचेखाली ओला भुसा तेवढा उरला होता.

लाल झालेले ओठ रुमालानं पुसत अध्यक्षांनी पंचनामा सांगायला घेतला. ‘सदर हिमक्षेत्र समितीच्या डोळ्यांदेखत नामशेष झाले. कारण : स्थानिक इसमाचा बेजबाबदार वापर.’ बर्फच उरला नसल्यामुळे टँकर सुरू करायला आता त्यांची हरकत नव्हती. इसमाचं नाव आणि ग्रामसेवकाची सही, एवढंच बाकी होतं.

बिरू रिकाम्या किसणीवरून हात फिरवत उभा होता. “खाल्लं त्येंनी, आन् नाव माजं?”

“नाव तुजं,” हिंदुराव खाली बघत म्हणाले, “पर पाणी गावाचं हाय.”

त्यांनी सही केली. बावीस वर्षांत ज्याला कसलाच आधार नाही असं हे पहिलंच खोटं होतं. त्यांना बिरूपुढं फार लाज वाटली आणि ती पुढं कधी गेली नाही.

तिसऱ्या दिवशी टँकर आला. त्याच दिवशी बिरूची गाडी पुरावा म्हणून जप्त होऊन गेली. सरुबाईनं पहिला हंडा भरला, स्वतःच्या घरावरून पुढं नेला आणि बिरूच्या उंबऱ्यात ठेवून आली. भामाबाई अजून बोलत नव्हती, पण त्या दिवशी ताटाशेजारी पाण्याचा तांब्या आला.

पुढं मोठ्या शहरातल्या वर्तमानपत्रांपर्यंत बातमी पोचली. ‘एका इसमाच्या हव्यासापायी धुळवाडीचा बर्फ नष्ट.’ ती वाचून सुशिक्षित लोक फार हळहळले. खेड्यातल्या लोकांना निसर्गाची किंमत नाही, असंही काहीजण म्हणाले. तुम्हीही ती वाचली असेल. तेव्हा शेजारच्या ग्लासात बर्फाचे किती खडे होते, तेवढं सोबतच्या नमुन्यात भरून आठ दिवसांत पाठवून द्यावं. निरंक चालणार नाही.