साळिंदरांनी टोस्टचा विमा उतरवला

एका जंगलात कुत्रा पाळायची टूम निघाली. हो, जंगलातच. ज्यांना हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्या. मध्येच फिदीफिदी केलेलं मला खपत नाही.

आधी अस्वलांनी पाळला. मग रानडुकरांनी. मग ज्याच्या त्याच्या बिळाबाहेर कुत्रा दिसायला लागला. आणि कुत्रा तरी कसला? पामराडोर. आई लॅब्राडोर, बाप पामेरियन. अंगाने आईसारखा थोराड, केस बापासारखे झुबकेदार. सगळ्यांना तोच हवा होता, कारण सगळ्यांकडे तोच होता.

सदूभाऊ साळिंदरांनीही एक आणला. भाजलेल्या पावासारखा त्याचा रंग, म्हणून नाव ठेवलं टोस्ट. घरात सदूभाऊ, त्यांची बायको मथुराबाई आणि तीन पिल्लं. टोस्ट आला आणि आठवड्याभरात घरचाच झाला. पिल्लं त्याला दादा म्हणायची.

आता साळिंदरांची एक गोष्ट तुम्हाला सांगून ठेवतो. साळिंदरांच्या अंगावरचे काटे गळतात आणि घरभर पडतात. म्हणून त्यांच्यात एक रीत असते. दिवेलागणीला सगळे ओळीने बसतात आणि एकमेकांचे तळपाय बघतात. काटा रुतलेला दिसला की उपटून टाकतात आणि जेवायला बसतात. पणजोबांच्या आधीपासूनची रीत. त्यासाठी कधी कुणाला वैद्याकडे जावं लागलं नव्हतं.

टोस्टला ही रीत भलतीच आवडली. दिवा लागला रे लागला की तो उताणा पडायचा आणि चारी पाय वर करायचा. त्याचा नंबर पहिला.

सगळं छान चाललं होतं. मग एका सकाळी भारद्वाज आला.

सकाळी सकाळी भारद्वाज दिसणं शुभ मानतात, हे तुम्हाला ठाऊक असेल. त्यामुळे त्याला दारातून कुणी हाकलत नाही. हे ओळखूनच त्याने विम्याचा धंदा धरला होता.

"सदूभाऊ, टोस्टचा विमा उतरवला की नाही?" भारद्वाजाने विचारलं.

"कुत्र्याचा विमा?"

"अस्वलांनी दोन उतरवलेत."

सदूभाऊंनी लगेच त्याला बसायला पाट दिला.

"हे बघा," भारद्वाज म्हणाला, "संकर जात म्हणजे दणकट. आईकडची दुखणी बापाचं रक्त अडवतं, बापाकडची आईचं. म्हणून हप्ता कमी."

"वा! छान!"

"पण दोन्हीकडची दुखणी एकदम येऊही शकतात. म्हणून हप्ता जास्त."

"मग नक्की कमी की जास्त?"

"दर महिन्याला," भारद्वाज म्हणाला.

त्याच्याकडे तीन योजना होत्या. 'राखण' योजनेत कुत्रा चोराच्या मागे धावताना पडला तर भरपाई. 'शोभा' योजनेत केस झडले तर. आणि 'कुटुंब' योजनेत कुत्र्याला घरातलाच एक मानायचा आणि घरातल्यांसारखी सगळी दुखणी धरायची. फक्त दोन अटी होत्या. आनुवंशिक दुखणं चालणार नाही. आणि आधीपासूनचं दुखणं तर अजिबात चालणार नाही.

"आधीपासूनचं म्हणजे?" सदूभाऊंनी विचारलं.

"पॉलिसी घ्यायच्या आधी दिसलेलं. घेतल्यावरसुद्धा पळस फुलेपर्यंत दम धरायचा. तोवर काही दिसलं, तर तेही आधीचंच."

"आणि असून दिसलं नाही तर?"

"जे कुणी बघितलंच नाही ते नव्हतंच," भारद्वाज म्हणाला आणि उडून गेला.

सदूभाऊ स्वभावाने चोखंदळ. कलिंगड घ्यायला गेले तर वेलीवरचं एकेक कलिंगड टिचक्या मारून बघायचे. सगळी बघून होईपर्यंत हंगाम संपायचा. तेच विम्याचं झालं. 'राखण' बरी की 'कुटुंब' बरी, यावर त्यांनी माकडांचा सल्ला घेतला, अस्वलांचा घेतला, नदीपलीकडच्या मेहुण्यांचाही घेतला. प्रत्येकाने आपण घेतली तीच चांगली असं सांगितलं.

या गडबडीत एके दिवशी टोस्ट पुढचा उजवा पाय उचलून घरात आला.

"अहो, हा लंगडतोय," मथुराबाई म्हणाल्या.

"कोण?"

"कोण म्हणजे काय? टोस्ट!"

"मला काही दिसलं नाही," सदूभाऊ म्हणाले. "आणि तुलाही दिसलेलं नाही."

"डोळे फुटलेत का माझे? काटा असणार. थांबा, बघते."

"खबरदार! बघितलंस तर दिसेल. दिसलं की ते आधीपासूनचं दुखणं झालं. मग आपल्याला कोण पॉलिसी देणार?"

"अहो, पण काटा उपटायला पॉलिसी कशाला लागते?"

सदूभाऊ समजूतदारपणे हसले. "अगं, आज काटा असेल. पण उद्या त्यातून मोठं काही निघालं, पाय कापायची पाळी आली, तर? तेव्हा विमा नको?"

मुलांनो, सदूभाऊ दुष्ट होते असं समजू नका. टोस्टवर त्यांचा भारी जीव. पिल्लांचे नसतील इतके लाड ते त्याचे करायचे. त्याचा पाय जाईल याचीच त्यांना धास्ती होती. म्हणून तर ते पायाकडे बघत नव्हते.

त्या संध्याकाळी दिवा लागला. टोस्ट उताणा पडला. त्याने चारी पाय वर केले. पिल्लं सरसावली, तर सदूभाऊंनी त्यांना मागे ओढलं. "आजपासून दादाचे पाय बघायचे नाहीत." टोस्ट बराच वेळ तसाच पडून राहिला. मग स्वतःच उठला आणि कोपऱ्यात जाऊन बसला. मथुराबाईंना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

दुसऱ्याच दिवशी सदूभाऊंनी 'कुटुंब' योजना निवडली. इतक्या झटपट त्यांनी आयुष्यात काही निवडलं नव्हतं.

पण पॉलिसी द्यायच्या आधी कंपनीचा तपासनीस येणार होता. तपासनीस म्हणजे बगळा. आता आली का पंचाईत? टोस्ट चालला की लंगडणार आणि बगळ्याला ते दिसणार.

सदूभाऊंनी डोकं चालवलं. त्यांना डोकं होतं, हे मी मान्य करतो.

"आपण सगळेच लंगडायचं," ते म्हणाले.

"काय?" मथुराबाईंनी कपाळाला हात लावला.

"एकटा लंगडला तर डोळ्यावर येतं. सगळे लंगडले तर ती घरची चाल होते."

मग काय! सगळं घर तालमीला लागलं. धाकटं पिल्लू डावा पाय उचलायचं, त्याला दोनदा दरडावावं लागलं. मथुराबाई रडत रडत लंगडायला शिकल्या. "या जन्मात आणखी काय काय करायला लावणार आहात?" असं त्या विचारत होत्या, पण त्यांचं लंगडणं सगळ्यांत झकास जमलं.

बगळा आला. सदूभाऊ लंगडत त्याला सामोरे गेले. मथुराबाईंनी लंगडत पाणी आणलं. पिल्लं लंगडत पाया पडली. शेवटी टोस्ट आला. बगळा एका पायावर उभा राहून अर्धवट डोळे मिटून बघत होता.

"सगळेच असे चालता?" त्याने विचारलं.

"आमच्याकडची पद्धत," सदूभाऊ म्हणाले.

"छान आहे," बगळा म्हणाला. एका पायाचं त्याला काय कौतुक! त्याने शेरा मारला आणि पॉलिसी दिली.

आता पळस फुलेपर्यंत थांबायचं होतं. बगळा कधीही फेरी मारेल म्हणून घराने लंगडणं सोडलं नाही. टोस्टचा पाय सुजला. मग तो भप्प झाला. मग त्याला वास यायला लागला, तेव्हा सदूभाऊंनी सर्वांना तोंडाने श्वास घ्यायला सांगितलं. टोस्ट आता खेळत नव्हता. पण दिवेलागणीला मात्र रोज उताणा पडायचा. तीन पाय वर करायचा. चौथा वर होत नव्हता.

"माझ्याच्याने हे बघवत नाही हो," मथुराबाई म्हणायच्या.

"बघू नकोसच," सदूभाऊ म्हणायचे.

असं म्हणून ते पळसाखाली जायचे, फांद्यांकडे टक लावून उभे राहायचे आणि कुणी नाही असं बघून ढसाढसा रडायचे.

एकदाचा पळस फुलला. पहिलं केशरी फूल दिसलं मात्र, सदूभाऊंनी टोस्टला पाठीशी बांधायचं ठरवलं. पण साळिंदराची पाठ ती! शेवटी पोटाशी धरला आणि कंपनीच्या झाडाखाली धावत गेले. अर्थात लंगडत धावत.

"भरपाई द्या," ते म्हणाले. "आमचा कुत्रा आजपासून लंगडतो."

बगळ्याने टोस्टकडे बघितलं. मग सदूभाऊंकडे बघितलं.

"आनुवंशिक आहे," तो म्हणाला.

"आनुवंशिक कसं असेल? याची आई लंगडत नव्हती. बापही लंगडत नव्हता!"

"योजना कुठली? 'कुटुंब'. कुत्रा घरातलाच एक, असं तुम्हीच मानलंत. आणि घरात कोण कोण लंगडतं, ते मी या डोळ्यांनी पाहिलंय. वडील, आई, तिन्ही भावंडं. घराण्यातच आहे म्हणायचं."

"अहो, आम्ही खरे लंगडत नाही!" सदूभाऊ ओरडले आणि टोस्टला खाली ठेवून चारी पायांवर ताठ उभे राहिले.

"असं?" बगळ्याने एक डोळा पूर्ण उघडला. "मग तपासणीच्या दिवशी फसवणूक केलीत का?"

सदूभाऊंनी हळूच उजवा पाय वर उचलला.

तिथून ते टोस्टला घेऊन तडक डॉक्टर सुतारपक्ष्याकडे गेले. मथुराबाई तिथे आधीच येऊन उभ्या होत्या.

"आता बघू ना पाय?" त्या नवऱ्याला म्हणाल्या. "आता दिसला तर चालेल ना तुम्हाला?"

सदूभाऊंनी टोस्टला डॉक्टरांपुढे ठेवलं.

डॉक्टरांनी चोच घातली आणि काटा ओढून काढला. काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा. साळिंदराचा. कुणाच्या अंगावरचा ते विचारायची गरज नव्हती, घरात एवढे लांब काटे एकट्या सदूभाऊंचे होते.

"हा रुतला त्याच दिवशी काढला असता तर माझ्याकडे यावंही लागलं नसतं," डॉक्टर म्हणाले.

"ते आम्हाला माहीत होतं," सदूभाऊ म्हणाले.

टोस्ट जगला. पाय मात्र वाकडाच राहिला. डॉक्टर म्हणाले, आता त्याला इलाज नाही.

गोष्ट इथे संपली असं वाटतंय ना? बसा खाली!

वर्षअखेरीला कंपनीने सदूभाऊंचा सत्कार केला. शाल दिली, नारळ दिला. वर्षभरात एकही भरपाई न घेतलेलं घर म्हणून 'आदर्श विमाधारक' असं जाहीर केलं. सदूभाऊ लंगडत व्यासपीठावर चढले. मागून टोस्ट चढला. दोघांना एकत्र बघून टाळ्यांचा कडकडाट झाला. सदूभाऊंना बोलायला सांगितलं, तर ते टोस्टला जवळ घेऊन रडायला लागले. लोकांना वाटलं, आनंदाने.

दुसऱ्या दिवशी भारद्वाजाच्या घरट्याखाली रांग लागली. सगळ्यांना 'कुटुंब' योजनाच हवी होती. आता त्या जंगलात कुणी कुणाचे पाय बघत नाही. साळिंदरसुद्धा नाहीत. सगळी घरं लंगडत चालतात, आणि आजारी असं कुणी पडत नाही. मधूनच कुणीतरी मरतं, पण ते आधीपासूनचं असतं.

तात्पर्य: मुलांनो, पायात काटा रुतला तर घाईने काढू नये. लगेच काढलेला काटा हा नुसता काटा असतो. थोडी कळ काढली तर त्याचं चांगलं मोठं दुखणं होतं, आणि एवढं दुखणं अंगावर काढणाऱ्या घराचा कधी ना कधी सत्कार होतोच.