अळणी महिना

धुरपदाबाईंच्या नडगीवर अंगठा दाबला की खड्डा पडे आणि तो भरून यायला अर्धं मिनिट लागे. सुनेनं, करिश्मानं, मोबाइलवर वेळ लावून तो दोनदा मोजला. मग तिनं सासऱ्याकडं असं पाहिलं, की पोपटरावांना तो खड्डा आपणच खणल्यासारखं वाटलं.

"मामा, आत्यांचं पाय उतरंनात. खरं सांगा, त्यांना चोरून मीठ कोण देतंय?"

खुटबावच्या त्या घरात महिनाभर मीठ बंद होतं. धुरपदाबाईंचा रक्तदाब वाढला म्हणून यवतच्या सुवर्णा डॉक्टरांनी पाण्याची गोळी सुरू केली होती. त्या गोळीनं लघवी जास्त होते आणि अंगातलं मीठ-पाणी बाहेर पडतं. सोबत मीठ कमी करा, असं त्या म्हणाल्या होत्या. करिश्मानं कमी म्हणजे शून्य असा हिशेब केला, आणि तोही सगळ्या घरासाठी. पोपटराव अळणी पिठल्यासमोर सुतकात बसल्यासारखे बसत. आठव्या दिवसापासून ते सदऱ्याच्या खिशात मिठाची पुडी बाळगू लागले आणि विसाव्या दिवशी ती धुण्यात सापडली.

"अगं, माझ्यापुरतं व्हतं ते!"

"आन् आत्यांचं पाय काय हवेनं फुगलं?"

धुरपदाबाईंचे पाय स्वतःच्या चपलेत मावेनात, म्हणून त्या नवऱ्याच्या चपला घालून गावातल्या बागायतदार दत्ताच्या वावरात मजुरीनं कांद्याच्या लागणीला जात आणि पोपटराव अनवाणी फिरत. भावकीतला एक जण असाच फुगत फुगत दौंडला डायलिसिसच्या खाटेवर पोचला होता. तो परत आला, पण निम्माच. तेव्हापासून पोपटरावांना बायकोच्या पायांकडं बघवत नव्हतं आणि बघितल्याशिवाय राहवतही नव्हतं.

डॉक्टरांनी पाण्याची गोळी दुप्पट केली. सूज वाढली. रक्त तपासलं, तर मूत्रपिंडाचं काम मंदावलेलं.

"मावशी, दुसरं काही औषध घेता का?"

"न्हाई."

"काढा, चूर्ण, झाडपाला?"

"न्हाई बा. आईची आण."

करिश्मानं मग पाणीही मोजून द्यायला सुरुवात केली. पुढचा रिपोर्ट आणखी वाईट आला. डॉक्टर पुण्याच्या मोठ्या दवाखान्यासाठी चिठ्ठी लिहायला बसल्या. पोपटराव भिंतीवरच्या किडनीच्या चित्राकडं बघत उभे होते. अकरा वाजले होते. कंपाउंडरनं चहा आणला. डॉक्टरांना वाईट वाटत होतं, त्यांनी आपला कप धुरपदाबाईंपुढं सरकवला. धुरपदाबाईंनी एका हातात कप घेतला आणि दुसरा हात डॉक्टरांपुढं पसरला.

"काय पायजे, मावशी?"

"गोळी."

"कसली गोळी?"

"चहाची."

धुरपदाबाईंनी समजावून सांगितलं.

"वावरात अकराच्या चहासंगट दत्ता समद्या बायांना एकेक देतो. मंग कंबर धरत न्हाई. पाय ठणकाय लागल्यापासनं मी दोन घेती."

"मावशी! मी विचारलं होतं ना, औषध घेता का म्हणून?"

"ते औषध कुठंय? चहाय तो!"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "दुखतं तिथं अंगात एक रसायन तयार होतं, प्रोस्टाग्लँडिन. ही दुखण्यावरची गोळी ते बंद पाडते, म्हणून दुखायचं थांबतं. पण किडनीत तेच रसायन रक्ताच्या नळ्या उघड्या ठेवतं, मीठ-पाणी बाहेर सोडायला लावतं. तेच बंद पडलं, तर माझी पाण्याची गोळी काय करणार?"

"म्हंजी पाटाच्या चारीचं दार उघडणारा पाटकरीच आमी झोपवला," पोपटराव म्हणाले.

"तसंच. त्यात मी पाण्याची गोळी वाढवली, तुम्ही मीठ-पाणी तोडलं. अंगात असा दुष्काळ पडला की किडनीची सगळी भिस्त त्या रसायनावरच असते. जितकी काळजी घेतली, तितकं बिघडलं."

करिश्मानं मान खाली घातली. पोपटराव निर्दोष सुटले होते, पण त्यांना त्याचा आनंद काही झाला नाही. त्यांनी घाबरत विचारलं, "आता ती दौंडची खाट...?"

"चहाची गोळी आजपासून बंद. मग बघू."

पंधरा दिवसांत पाय उतरले. नवा रिपोर्ट वाचताना डॉक्टर पहिल्यांदा हसल्या. पुण्याची चिठ्ठी त्यांनी फाडून टाकली. पोपटरावांनी हात जोडले आणि वळून पाहिलं, तर धुरपदाबाई खुर्चीत कंबर धरून रडत होत्या.

"रडतीस कशापायी? बरी झालीस नव्हं?"

"बरी झाले म्हणून तर दुखतंय! गोळीपायी सात वर्सं ह्या कंबरेनं हूं की चूं केलं न्हाई. आता समदं एकदम काढतीया."

पोपटरावांनी डॉक्टरांकडं पाहिलं. "ह्याच्यावर काय देता?"

"शेक घ्या. वाकून काम बंद. आणि आराम."

धुरपदाबाईंनी पदरानं डोळे पुसले. या खेपेला काही चुकायला नको, म्हणून त्या पुढं सरकल्या आणि नीट विचारलं,

"त्यो आराम कसा घ्यायचा? जेवायच्या आधी का जेवल्यावर?"