लाल बटण

एकनाथ तामोऱ्यांच्या कासा इथल्या घरात त्या संध्याकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. मुलगा दर्शन गाण्याच्या स्पर्धेत टीव्हीवर दिसणार म्हणून अख्खी आळी लोटली होती. आळी खुशीत होती. घरातल्या माणसांचे चेहरे मात्र पडलेले होते.

कार्यक्रम मुंबईत आधीच चित्रित झालेला. निकाल फोडायचा नाही, अशी वाहिनीची सक्त ताकीद. त्यामुळे परतल्यापासून दर्शन मूग गिळून बसला होता. पण पंचायत समितीत आयुष्य घालवलेल्या एकनाथरावांना आत काय आहे ते ओळखायला फाइल उघडावी लागत नसे. पोरगा अंघोळ करताना गात नव्हता, एवढं त्यांना पुरे होतं. पण विचारायचं कसं? 'बाळा, हरलास का?' असं कुठला बाप विचारतो? म्हणून घर सुतकात असल्यासारखं वावरत होतं आणि सुतक कशाचं ते कुणी बोलत नव्हतं.

त्यात तो मोबाइलवरचा खेळ. परीक्षकांच्या निकालाआधी प्रेक्षकांनी घरबसल्या ओळखायचं: गायक राहणार असेल तर हिरवं बटण, जाणार असेल तर लाल. बरोबर ओळखणाऱ्यांची नावं टीव्हीवर झळकत. एकनाथराव पहिल्या भागापासून खेळत होते आणि अजून एकदाही चुकले नव्हते. ऑफिसात त्यांची तीच काय ती मिजास होती.

"काका, सगळ्यांनी हिरवं दाबायचं हां!" शेजारचा जीपवाला लक्ष्या ओरडला. "लाल दाबेल त्याला उद्यापासून जीपमध्ये घेणार नाय!"

"माझा भाचा हाय तो. हिरवंच!" वरोरहून आलेली संगीताआत्या म्हणाली.

पडद्यावर दर्शन गायला, आणि खरंच सुरेख गायला. एकनाथरावांचे डोळे भरून आले. मग बटणं आली. त्यांनी दाराशी बसलेल्या मुलाकडे पाहिलं. तो फरशीकडे बघत होता. टॉवेलखाली मोबाइल धरून त्यांनी लाल दाबलं आणि त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

"हिरवं ना?" त्यांच्या पत्नी अहिल्याबाईंनी विचारलं.

"मग काय! तू?"

"मीपण," म्हणत त्यांनी घाईघाईने मोबाइल पालथा घातला.

परीक्षकांनी दर्शनला निरोप दिला. आळी हळहळली. तेवढ्यात पडद्याच्या तळाशी पट्टी धावू लागली.

"काका, तुमचं नाव!" लक्ष्या आनंदाने वाचू लागला. "सगळ्या महाराष्ट्राने हिरवं दाबलं. अचूक उत्तर देणारे प्रेक्षक: एकनाथ तामोरे, कासा. अहिल्या तामोरे, कासा. संगीता मेहेर..."

त्याचा आवाज विझत गेला. तो चपला शोधू लागला. त्याच्यामागोमाग आळीही पांगली. पेढ्यांचा डबा उघडलाच नाही.

"बाबा, तुम्ही लाल दाबलंत?" दर्शनने विचारलं. "आई, तूपण?"

"कधीपासून मुद्दाम वरणात मीठ घालत नाहीये मी," अहिल्याबाई म्हणाल्या. "एरवी चिमूटभर कमी पडलं तर घर डोक्यावर घेतोस. आता गुपचूप जेवतोस. मी काय समजायचं?"

एकनाथराव दचकले. ते अळणी वरण आपल्या बीपीसाठी आहे असं समजून तेही बिचारे गुपचूप गिळत होते.

"बोंबील आणलेले तुझ्यासाठी. एकपण उचलला नाय तू," आत्या पुटपुटली. "तवाच कळलं."

"म्हणजे सगळ्यांना माहीत होतं?" दर्शनचा आवाज फुटला. "आणि मी रोज उशीत तोंड खुपसून रडत होतो. का, तर तुम्हांला कळू नये म्हणून!"

एकनाथरावांना त्याला जवळ घ्यावंसं वाटलं. पण सवय नव्हती. ते नुसतेच त्याच्या शेजारी जाऊन टेकले.

"गायलास चांगला."

"मग लाल का दाबलंत?"

"चुकलं माझं," ते म्हणाले. त्या खेळात ते पहिल्यांदाच चुकले होते.

पानं वाढली गेली. दर्शनने पहिला घास घेतला आणि ताट पुढे सरकवलं.

"शी! हे काय वरण आहे, आई? कसं खायचं माणसाने?"

अहिल्याबाई मीठ आणायला आत गेल्या, त्या बराच वेळ बाहेर आल्याच नाहीत.