त्रिंबकआप्पांचा ओळंबा

त्रिंबकआप्पा कुणाला भेटले की आधी नमस्कार करत नाहीत, आधी ओळंबा काढतात. भिंत सरळ चढतेय की नाही हे बघायला गवंडी जी दोरी सोडतो, खाली पितळी लट्टू बांधलेली, तो ओळंबा. आप्पांच्या सदऱ्याच्या खिशात तो कायम असतो. समोरच्यानं तोंड उघडायच्या आत ते त्याच्या कानाजवळ दोरी धरतात, एक डोळा मिटतात, लट्टू डोलायचा थांबला की निकाल देतात, "ओळंब्यात नाय."

मी विमा कचेरीत दिवसभर कॉम्प्युटरपुढे मान घालून बसणारा माणूस. हा निकाल माझ्या वाट्याला रोज सकाळी येतो. "तुझी मान आधी हापिसात पोचती, तू मागून जातो," असं ते चारचौघांत सांगतात. शेजारच्या जोशीबाईंच्या घरी नवी सून आली, तिला मात्र त्यांनी गेटवरच पास करून टाकलं. "ही पोरगी ओळंब्यात हाय!" पण पाठोपाठ दोरी जोशीबाईंकडे वळली. तेव्हापासून जोशीबाई आप्पा दिसले की गच्चीवर जातात.

आप्पा मूळचे देवगाव रंगारीचे. शेती भावावर सोपवून तरुणपणीच शहरात आले आणि इमारतींच्या कामांवर सुपरवायझर म्हणून उन्हातान्हात आयुष्य काढलं. ते निवृत्त झाले, त्यांची नजर झाली नाही. आमची कॉलनी हर्सूलकडची. तिथल्या तुरुंगाच्या भिंतीवर त्यांचं फार प्रेम. "अख्ख्या शहरात मनासारखी सरळ भिंत ती एकच," ते म्हणतात, "आन् तिच्या आत समदे वाकडे नेऊन ठेवलेत."

त्यांच्याबरोबर चालायचं तर आणखी एक नियम आहे. नेहमी उजवीकडून चालायचं. कुणी डावीकडून गेलं की ते जागच्या जागी थांबतात. "हिकडून ये. त्या कानानं ऐकू येत नाय." आता हाच डावा कान तीन घरं पलीकडची कुकरची शिट्टी मोजतो आणि "डाळ करपली" म्हणून सांगतो. पण म्हाताऱ्या माणसाशी वाद कोण घालणार? आम्ही सगळे मुकाट उजवीकडून चालतो.

गयाकाकी, म्हणजे आप्पांची बायको, जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून आप्पा एकटेच राहतात. मुलगी पुण्याला असते. आणि गेल्या हिवाळ्यात जगाचा ओळंबा बघणाऱ्या या माणसाचाच तोल बिघडला. डावा खांदा खाली आला, मान आखडली. मागं बघायचं तर आप्पांना स्कूटरसकट वळावं लागे. एकदा क्रांती चौकात सिग्नलला ते असे वळले आणि मागच्या रिक्षावाल्याशी नाकाला नाक लावून उभे राहिले. ही बातमी पुण्याला पोचायला वेळ लागला नाही. मुलीनं सांगून टाकलं, "दिवाळीपर्यंत मान नीट झाली तर ठीक, नाहीतर घराला कुलूप लावून तुम्हाला इकडं घेऊन येते."

आप्पा हादरले. पोरीवर जीव आहे, पण तिचं घर अकराव्या मजल्यावर. "तिथून ओळंबा सोडायचा तर दोरी कुठून आणू?" असं ते मला हसत म्हणाले खरे, पण त्या दिवशी त्यांनी माझ्या मानेकडे पाहिलंसुद्धा नाही. हे घर, ही गल्ली, समोरचं मैदान सोडून जायचं या कल्पनेनंच त्यांचा चेहरा उतरला होता.

डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं की हाडं ठीक आहेत, अंगाची ठेवण बिघडलीय, ती सुधारणारं कुणी जाणकार बघा. झालं! जाणकारांची आपल्याकडे काय वानवा? आमच्या शहरात रस्ता सरळ व्हायला पिढी जाते, पण माणूस सरळ करून देणाऱ्या पाट्या गल्लोगल्ली. एका पाटीवर तर मान, पाठ, कंबर आणि विवाहयोग अशी चारही कामं एकाच छताखाली होती. आप्पांनी मला पंच म्हणून बरोबर घेतलं आणि ठेकेदार निवडावा तशी निवड सुरू केली.

पहिला एक चंपीवाला. अंगानं धिप्पाड, बोलायला गोड. "चचा, बैठो तो सही. पाच मिनिट में पूरा खोल देता."

"आन् परत जोडणार कोण?" आप्पांनी विचारलं. चंपीवाला विचारात पडला. असला प्रश्न त्याला आजवर कुणी घातला नव्हता.

मग एक स्पा झाला. आत मंद दिवे, बासरी, पाण्यात तरंगणारी झेंडूची फुलं. काउंटरवरच्या मुलीनं तीन प्रकार सांगितले, त्यातला सगळ्यांत वरचा रॉयल.

"रॉयलमधी पायापासून बघतात का?"

"गुलाबपाणी असतं सर."

आप्पा आत गेले आणि त्यांचं घोरणं बासरीच्या वर ऐकू येऊ लागलं. बाहेर आले ते गुलाबासारखे दरवळत. फुटपाथवर येताच पाठ करून उभे राहिले आणि मला म्हणाले, "लाव ओळंबा." भर रस्त्यात एका म्हाताऱ्याच्या मागं मी दोरी धरून उभा. बघता बघता गर्दी जमली. रस्ता रुंदीकरणाची मोजणी चाललीय असं वाटून समोरचा पानवाला आपली टपरी मागं सरकवू लागला. खांदा होता तिथंच होता.

आप्पा अन्यायी नाहीत. "लई मस्त वाटलं," ते म्हणाले. "झोप तर अशी कैक दिवसांत नाय लागली. पर हा गिलावा झाला. गिलाव्यानं भिंत गुळगुळीत होती, सरळ होत नाय." मालिशला त्यांनी मालिशपुरते पैकीच्या पैकी मार्क दिले आणि पुढे निघाले.

तिसऱ्याकडे भिंतभर प्रमाणपत्रं होती. आप्पांनी सवयीनं पहिल्या चौकटीला ओळंबा लावला. तिरकी. दुसरी, तीही तिरकी. मग ते मजकूर वाचू लागले. सगळी प्रमाणपत्रं शनिवार-रविवारच्या दोन दिवसांच्या शिबिरांची.

"एका सिटिंगमध्ये सरळ करतो काका, गॅरंटी!" असं म्हणत त्या गृहस्थांनी आप्पांची हनुवटी धरायला हात पुढे केला. ना दुखणं विचारलं, ना गोळ्या विचारल्या.

आप्पा दोन पावलं मागं सरले. "तोंडी गॅरंटी देणारा ठेकेदार मला स्लॅब पडल्यावर कधीच भेटला नाय," म्हणाले आणि चपला घालून चालू लागले.

असे आणखी काही झाले. दिवाळी जवळ येत चालली. मुलीनं पुण्याला आप्पांसाठी खोली रिकामी करून ठेवली, पडदेही लावले. मी म्हटलं, "आप्पा, किती पारखाल? एखादा पत्करा आता." ते म्हणाले, "अरे, भिंत चुकली तर पाडता येती. मान चुकली तर काय करू?"

शेवटी त्याच डॉक्टरांनी प्रज्ञाताईंचं नाव सांगितलं. जिना चढून साधी खोली, एक रुंद बाक, एक उभा आरसा. ना बासरी, ना झेंडू. प्रज्ञाताई चाळिशीतल्या, कमी बोलणाऱ्या. आप्पांनी बसायच्या आतच सरबत्ती सुरू केली. "शिकल्या कुठं? किती दिस? पयल्यांदा हात लावला तवा मागं कोण उभं होतं?"

बाईंना राग आला नाही. आधी फिजिओथेरपीची पदवी, मग अंगाची ठेवण सुधारायचं हे काम वेगळं शिकल्या, दोन वर्षं, शिकवणाऱ्या बाईंच्या देखत. "अजूनही अडलं की त्यांना फोन करते," त्या म्हणाल्या. आप्पांनी कागद मागितला, त्यांनी दाखवला. चौकट सरळ होती, ते माझ्या नजरेतून सुटलं नाही.

"आता शेवटचं," आप्पा म्हणाले. हा प्रश्न त्यांनी मधल्या सगळ्यांना विचारला होता आणि इथंच सगळे आपटले होते. "तुम्ही हात न लावता परत कुणाला पाठवता?"

"ताजं हाड मोडलेलं असेल, हाडं ठिसूळ असतील, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावत नाही. हाताला मुंग्या येतात का काका? पकड सैल वाटते?" आणि बघता बघता प्रश्न त्या विचारत होत्या आणि आप्पा शाळकरी पोरासारखे उत्तरं देत होते. मध्येच माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "हिला कुठं थांबायचं ते कळतं."

मालिशमध्ये आणि यात फरक काय, हेही त्यांनी विचारलं. "मालिशनं दमलेल्या स्नायूला आराम मिळतो, ती चांगलीच गोष्ट आहे," प्रज्ञाताई म्हणाल्या. "पण मोसंबी सोलली की फोडीफोडीभोवती पातळ साल असते बघा. तसं एक आवरण आपल्या सगळ्या अंगात स्नायूंभोवती असतं, एकाला एक लागून. ते एकीकडं ओढलं गेलं की माणूस तिकडं झुकतो. मी त्याच्यावर काम करते, हळूहळू, बऱ्याच बैठकांत. मान दुखते म्हणून मानच धरत नाही, ओढ कुठून आहे ते शोधते. पूर्ण सरळ कराल का विचाराल, तर ते मी कुणालाच कबूल करत नाही."

आप्पा इतके खूश झाले की त्यांनी खिशातला ओळंबा काढून प्रज्ञाताईंच्या हातात दिला. असा मान मी कुणाला मिळालेला पाहिला नाही. बाईंनी तो नीट गुंडाळून बाकावर ठेवला. "भिंतीला हा ठीक आहे काका. भिंत चालत नाही. तुम्ही चालून दाखवा."

आप्पा दारापर्यंत गेले, परत आले. बाईंनी पुन्हा चालायला लावलं. मग अगदी साध्या आवाजात विचारलं, "काका, तुमच्या डाव्या हाताला कोण चालायचं?"

आप्पा बाकाच्या कडेला बसले.

"मंडळी," ते म्हणाले. "लकवा झालता तिला. डावं अंग गेलं. रोज सांजच्याला मैदानाला चक्कर मारायचो. तिचा उजवा हात ह्या कोपरात, समदा भार ह्याच खांद्यावर. लई वरसं. तिला लाज वाटायची. म्हणायची, सोडा मला, मी भिंतीला धरून चालती." आप्पांनी डावा कोपर उजव्या हातानं धरला. "मी म्हणलं, भिंतीचा काय भरवसा? कुण्या मिस्त्रीनं बांधली कोण जाणे."

मला आरशात बघवेना, म्हणून मी खिडकीतून खाली बघत राहिलो. मैदानाभोवती त्या दोघांना मी कितीतरी वर्षं रोज बघत होतो. काकी तेवढ्या गेल्या, आप्पांचं अंग अजून त्यांना धरूनच चाललं होतं.

बैठका झाल्या. आप्पा प्रत्येक वेळी येऊन मला सविस्तर अहवाल देत. खांदा हळूहळू वर आला, मान दोन्हीकडे वळू लागली, स्कूटर पुन्हा रस्त्यावर आली. दिवाळीला मुलगी आली, तिनं बापाला मान वळवून दाखवायला लावलं आणि पडद्यांचा विषय सोडून दिला. जोशीबाई पुन्हा गच्चीवर जाऊ लागल्या.

परवा संध्याकाळी मैदानावर आप्पा दिसले. एकटेच चक्कर मारत होते, पाठ ताठ, तुरुंगाच्या भिंतीसारखी सरळ. फक्त डावा कोपर अंगापासून थोडा सुटा, वाकवलेला, कुणाच्या तरी हाताला जागा ठेवल्यासारखा. मला राहवलं नाही. मी मागून गाठलं आणि इतक्या वर्षांचा वचपा काढला. "आप्पा, कोपर ओळंब्यात नाय!"

ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. कोपराकडे एकदा बघितलं.

"म्हाईत हाय. बाईला म्या आधीच सांगून ठेवलंय. बाकी समदं सरळ करा, ह्याला हात लावू नका. हा बांधकामात धरत नाय."

मी त्यांच्याबरोबर चालू लागलो. नादात डावीकडून गेलो असेन.

"हिकडून ये," आप्पा थांबून म्हणाले. "त्या कानानं ऐकू येत नाय."

"व्हय आप्पा," म्हणून मी वळसा घालून उजवीकडे आलो, आणि आम्ही मैदानाची चक्कर पुरी केली.